आठवडाभर सरांचे आभार

विज्ञानाच्या बाईंनी चिठ्ठी उघडली आणि स्टाफरूममधली कुजबुज थांबली. चिठ्ठीत गणिताच्या सरांचं नाव होतं.

ही टूम मोठ्या बाईंची. कुठल्याशा शिबिराला गेल्या आणि येताना कृतज्ञता घेऊन आल्या. दर आठवड्याला एकाने चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव निघेल, त्याचे रोज सकाळी घंटेआधी सगळ्यांसमोर आभार मानायचे. आता गणिताचे सर म्हणजे विज्ञानाच्या बाईंचे घटस्फोट झालेले नवरे, हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

"दुसरी उचला," मोठ्या बाई गडबडीने म्हणाल्या.

"नको, असू दे. मानते की आभार."

खिडकीशी बसलेल्या चित्रकलेच्या बाईंचा चेहरा पडला. त्या वयाने लहान, नोकरीत नव्या, आणि त्यांचं सरांशी लग्न जमत होतं. सर रुमालाने चष्मा पुसत बसले.

"सरांनी मला वेळेची किंमत शिकवली," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर रेंगाळायची माझी सवय त्यांच्यामुळे मोडली."

सगळे कान टवकारून होते. पण पुढे काहीच आलं नाही. मग टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "स्वयंपाकात लक्ष घालायला सरांनीच शिकवलं. मीठ जरा कमीजास्त झालं तरी त्यांना लगेच कळतं." हशा पिकला. त्यानंतर मोजकं बोलायला शिकवल्याबद्दल आभार झाले, मग ऊठसूट माहेरी न धावता संसार करायला शिकवल्याबद्दल. "काय मोठं मन हो!" भूगोलाचे सर म्हणाले. गणिताचे सर आधी मान खाली घालून ऐकत. आठवडा संपेपर्यंत ते ताठ बसून हसू लागले. आपण खरंच असे आहोत, असं त्यांना वाटू लागलं असावं.

बाई बोलताना त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांचा डोळा खिडकीकडे होता. घटस्फोटाच्या वेळी तिथेच बसून चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या, "सर किती शांत आहेत! बाईंचंच काहीतरी असणार." ते वाक्य विज्ञानाच्या बाईंनी गिळलं होतं, पचवलं नव्हतं. आता त्या एक अक्षर खोटं बोलत नव्हत्या. सरांनी शिकवलं हे खरंच होतं. कसं शिकवलं, तेवढं सांगत नव्हत्या. घे म्हणावं तुझा शांत माणूस.

शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या बाई प्रयोगशाळेत आल्या. बोटांना अजून रंग लागलेला होता.

"बाई, आईच्या मनात फार शंका होती. तुम्ही जे जे बोललात, ते मी तिला घरी जाऊन सांगत होते. काल तिनं होकार दिला."

विज्ञानाच्या बाई परीक्षानळ्या धूत होत्या. अगदी हवं तसं झालं होतं. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "सुखी राहा."

"मी तेव्हा तुमच्याबद्दल काहीबाही बोलले होते. तुम्ही ते मनातसुद्धा ठेवलं नाहीत. तुमचे आभार कसे मानू, कळत नाही."

बोलता बोलता चित्रकलेच्या बाईंची नजर घड्याळाकडे गेली आणि तोंडावरचं हसू मावळलं. "अगंबाई! सर फाटकाशी थांबलेत. उशीर झालेला चालत नाही त्यांना." त्या निघाल्या. चालत नव्हत्या, पळत होत्या. ओढणीला घासून बोटं पुसत होत्या, आणि उशीर का झाला ते ओठांतल्या ओठांत जुळवत होत्या.

विज्ञानाच्या बाई बघत राहिल्या. याच व्हरांड्यातून, असंच पुटपुटत, त्या कित्येक वर्षं पळाल्या होत्या.

नळ तसाच वाहता सोडून त्या धावल्या आणि तिचा दंड धरला.

"सोडा ना बाई. चिडतील ते."

"चिडू दे. आत ये, बस." विज्ञानाच्या बाईंनी दाराला आतून कडी घातली. "आठवडाभर सांगितलं ना, तेच परत सांगते. या वेळी आभार न मानता."