चौथा एक्स-रे

बोटांचे सांधे ठणकायला लागले तेव्हापासून शिंपीणबाईंचं शिलाई मशीन बंदच होतं. सगळे दवाखाने पालथे घालून झाले. रक्ताच्या रिपोर्टात काही निघेना, एक्स-रेत मात्र दर वेळी बोटं आधीपेक्षा जास्त मिटलेली दिसत.

"बाई, तुम्ही हात हलवता," डॉक्टर वैतागले.

"नाही हो! तळहात अगदी सपाट ठेवते मी."

म्हणून चौथ्या खेपेला एक्स-रेवाल्याने त्यांची पाचही बोटं पसरून प्लेटवर चिकटपट्टीने पक्की बांधली. "आता हलवा बघू!"

डॉक्टरांनी ती फिल्म दिव्यासमोर धरली. मूठ घट्ट आवळलेली होती, आणि बोटांच्या फटींत आणखी पाच बोटं गुंतलेली होती. बाईंच्या बोटांहून बरीच लांब.

त्यांनी घाईघाईने दिवा मालवला. "दुखतं म्हणजे नेमकं कसं?"

"कुणी हात धरून ओढल्यासारखं," टेबलावर हात पसरून बसलेल्या बाई म्हणाल्या. "आधी नुसता धरल्यासारखं वाटायचं."

"उठा. आपण बाहेर बसू."

बाई उठल्या. टेबलावरचा हात काही केल्या उचलेना.