मध्ये ट्रे धरून टँगो

“डोळं मिटू नगा, बाईसाहेब. म्होरं बघा,” भिवाजी म्हणाला, आणि त्याने स्वतःचे डोळे मात्र घट्ट मिटले.

परक्या बाईकडे पाहायचं नाही म्हणून असेल, असं शालनला वाटलं. माणूस मर्यादेचा. दोघांच्या मध्ये, छातीशी, त्याने चहाचा ट्रे उभा धरायला लावला होता. ट्रे पडता कामा नये, एवढाच धडा. ती एक पाऊल पुढे टाकी, तो एक मागे जाई.

भिवाजी मुळशीच्या धरणावरच्या क्लबात खानसामा. गाव धरणात बुडालं तेव्हा तो बोटीवर नोकरीला लागला, आणि दूर ब्यूनोस आयरिसच्या धक्क्यावर टँगो नाच शिकून आला.

“शनवारच्या नाचाला बडेसाहेब नुसतं बघत्याल. तुमी मान डोलावली तरच उठत्याल. नाचताना बोलायचं न्हाई. कुणाला मागं टाकून म्होरं घुसायचं न्हाई. आन् गानं सपलं की खुर्चीपत्तोर सोबत.”

“पण इतकं जवळ धरायचं म्हणजे…”

“तान्ह्या लेकीला धरता न्हवं? तसंच. आवळायचं न्हाई, सोडायचं न्हाई.”

लेकीचं नाव निघताच शालनकडचा ट्रे कलला. सहा महिन्यांची पोर. इथल्या दमट हवेत तिची छाती सारखी घरघरायची. इंजिनिअर नवऱ्याचा पुण्याला बदलीचा अर्ज बडेसाहेबांच्या टेबलावर तीन महिने पडून होता, आणि साहेब टँगोखेरीज कशाने खुलत नसत. तिचं बी.ए.चं शिक्षण इथे काय कामाचं?

शनिवारी साहेबांनी पाहिलं. तिने मान डोलावली.

पहिल्याच पावलाला दोघांचे गुडघे आपटले. पण ट्रे आठवून ती पुढे सरकली. साहेब अडखळले, थांबले, मग मुकाट मागे जाऊ लागले. कुणालाही धक्का न लावता तिने पुरा फेरा घातला. गाणं संपल्यावर साहेबांना त्यांच्या खुर्चीपर्यंत सोबत केली. साहेब लालबुंद झाले होते. कडेच्या मडमा तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या.

“तीस वर्षं नाचतोय,” साहेब धापा टाकत म्हणाले, “असं कधी झालं नव्हतं.”

शालनने माफी मागायला तोंड उघडलं.

“नवऱ्याला सांगा, सोमवारी अर्जावर सही करतो.”

ती धावतच क्लबाच्या स्वयंपाकघरात गेली. “झालं, भिवाजी! बदली झाली! पण त्या मडमा का हो हसत होत्या?”

भिवाजीने पुसायला घेतलेली बशी खाली ठेवली.

“बोटीवर आन् धक्क्यावर समदे बाप्येच, बाईसाहेब. त्यात मी सगळ्यात ल्हान. नाचायला बाई लागायची, ती कायम मीच व्हतो. म्हून तुमाला शिकवली ती बाप्याची पावलं.”