पारंपरिक

यॉर्कशरमधल्या त्या पबमध्ये संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम होता. दुपारपासूनच हेस्टर व्हायोलिनच्या पेटीवर हात टेकून बसली होती. लोकगीतं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणाऱ्या त्यांच्या बँडमध्ये पन्नास वर्षांत चौदा जण आले नि गेले. पहिल्या चौघांतली ती एकटीच उरली होती, आणि आता तिलाही पुरे झालं होतं.

ग्लास पुसता पुसता पबचा तरुण मालक गुणगुणू लागला. नदीत बुडालेल्या मेंढपाळाचं गाणं. ते हेस्टरनेच लिहिलं होतं, तिचा नवरा, बँडचा गिटारवाला, गेला त्या हिवाळ्यात. आपलं दुःख चव्हाट्यावर मांडायची लाज वाटली, म्हणून रेकॉर्डच्या कव्हरवर गीतकार म्हणून तिने स्वतःच्या नावाऐवजी ‘पारंपरिक’ असं छापायला लावलं होतं.

“शेवटची ओळ चुकली,” ती म्हणाली. “‘तो आता येत नाही’ असं आहे.”

“‘पाणी ओसरलं की येईल,’” मालकाने समजुतीने सांगितलं. “आई मला झोपवताना हेच म्हणायची. आमचं जुनं गाणं आहे, बाई. बाहेरची माणसं तिथे हमखास चुकतात.”

तिने पेटी उघडली आणि व्हायोलिन सुरात लावायला घेतलं.

संध्याकाळी शेवटचं गाणं तेच झालं. शेवटच्या ओळीसाठी ती श्वास घेते तोच सगळ्या पबने ती ओळ उचलली, आपल्या पद्धतीने. हेस्टरने व्हायोलिन खाली ठेवलं आणि त्यांच्यामागून म्हटलं, पाणी ओसरलं की येईल.