कोपऱ्यातली खोली

वृद्धाश्रमात वायफायचे राउटर कुठे बसवायचे, हे निरंजननेच ठरवलं होतं. कोपऱ्यातल्या खोलीचं दार तेव्हा बंद होतं. रेंज न तपासताच, 'पोचेल तिथवर' म्हणत तो निघून गेला होता.

तक्रार आली म्हणून तो आज पुन्हा आला. अंथरुणाला खिळलेल्या मनोरमाबाईंच्या त्या खोलीत रेंजच नव्हती. त्याने दाराबाहेर नवा राउटर बसवला आणि लगेच त्यांचा फोन वाजला. परदेशातली लेक पडद्यावर दिसली.

"आई, रोज लावतेय गं फोन! रागावलीस का माझ्यावर?"

"मला वाटलं, तूच विसरलीस." मनोरमाबाईंना रडू फुटलं. मग त्यांनी फोन निरंजनकडे वळवला. "या देवमाणसामुळे दिसलीस बघ!"

लेकीने तिथून हात जोडले.

काम संपलं होतं. तरी निरंजन पाठ फिरवून शिडीवर चढला आणि घट्ट बसलेले स्क्रू आवळत राहिला.