बोलावणं

“सर्व्हर आपल्याच माडीवर, चावी तुमच्याच हातात. एकदा उघडून बघा ना, पोरगी बरी आहे का ते तरी कळेल,” सुलभाताई नवऱ्यापुढे काकुळतीला आल्या होत्या.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर केळुसकरांनी कुडाळच्या ओळखीपाळखीच्या लोकांसाठी एक छोटंसं समाजमाध्यम घरूनच चालवायला घेतलं होतं. त्यांची ऋता तिथं फक्त मैत्रिणींपुरतं लिही. आपल्या पसंतीच्या लग्नावरून बापाशी भांडून ती नाशिकला गेली, तरी लिहिणं थांबलं नव्हतं.

“तिनं दार लावून घेतलंय,” केळुसकर म्हणाले. “चावी आहे म्हणून मी आत शिरू?” जीव मात्र त्यांचाही तुटत होता.

एक दिवस ऋताचा निरोप आला. तिला खातं दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं होतं. केळुसकरांनी सगळं लिखाण न उघडता पाठवून दिलं आणि आपल्याकडची प्रत पुसून टाकली. उरलासुरला धागाही तोडलात म्हणून सुलभाताई दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी फोन वाजला.

“बाबा, वाचलंत काही?”

“नाही गं.”

“थोडंसुद्धा?”

“तू बोलावलं नव्हतंस.”

फोन ठेवल्यावर थोड्याच वेळात त्यांच्या पडद्यावर सूचना झळकली. ऋतानं नव्या जागी त्यांना आपलं लिखाण वाचायला मोकळीक दिली होती.

सगळ्यात वर कालचीच नोंद होती : ‘आज पोटात बाळानं पहिल्यांदा लाथ मारली. आईला सांगावंसं वाटतंय.’

“अगं, लवकर वर ये,” केळुसकरांनी सुलभाताईंना हाक मारली आणि त्यांच्यासाठी शेजारी खुर्ची ओढली.