वेणीचं प्रकरण

"कोणत्या दृष्टीची प्रत देऊ, बाई? स्त्रीवादी, मार्क्सवादी की मनोविश्लेषणाची?" ग्रंथपाल मोकाशींनी विचारलं.

"मूळ द्या," शैलजा ढवळीकर म्हणाल्या. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या ताईला त्या कादंबरीतलं एकच प्रकरण ऐकायचं होतं. गोदू आंधळ्या सासूची वेणी घालते, ते. लहानपणी दोघी बहिणी ते वाचून डोळे सुजेपर्यंत रडल्या होत्या.

"मूळ कुठलं आता? यंत्र समीक्षा वाचतं आणि तिच्याबरहुकूम कादंबरी नव्यानं लिहितं. जुन्या प्रती कधीच लगद्यात गेल्या."

शैलजाबाईंनी तिन्ही प्रती चाळल्या. एकीत सासू छळत होती, दुसरीत दोघी संपावर गेल्या होत्या, तिसरीत सासू हा गोदूचा नुसता भास होता. वेणी कुठेच नव्हती.

"कोणा दीडशहाण्यानं काढलं हो ते प्रकरण?" त्या कडाडल्या.

मोकाशींनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका प्रबंधातली तळटीप होती: 'वेणीचे प्रकरण निव्वळ भावुक आहे. ते कोणत्याही सिद्धांतात बसत नाही. वगळले तरी चालेल.'

प्रबंध शैलजाबाईंचाच होता. ती टीप त्यांना अजून तोंडपाठ होती. त्या प्रकरणातलं एकही वाक्य मात्र काही केल्या आठवेना.