डाव्या बाजूचं वजन

लेक गाडीनं आला आणि बाप बसनं. दोघंही बोथ गावचे, निघाले एकाच घरातून, पोचले एकाच दुकानात. इचोड्याला हायवेच्या कडेला मोतीरामचं टायरचं दुकान आहे, तिथे.

हर्षदीपची लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार जॅकवर चढलेली होती. घेतली जुनीच, पण त्याच्या जिवाला नवी. सुधाकरराव, म्हणजे त्याचे वडील, रिटायर मास्तर, ट्रकच्या एका टायरवर रुमाल अंथरून बसले होते. पोरगा काही येडेपणा तर करत नाही ना, एवढंच पाहायला आलो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या वस्तीत नवी गाडी आली की आधी बुद्धविहारासमोर उभी करतात, त्रिशरण म्हणतात, मग घरातलं मोठं माणूस पहिल्यांदा गाडीत बसतं आणि त्यानंतर बाकीचे. परवा त्रिशरण झालं, आणि सुधाकररावांनी साऱ्या वस्तीसमोर सांगून टाकलं, "चार माणसं धड बसत नाही थे कायची गाडी? मी नाही बसत." झालं! ते बसले नाहीत म्हणून आई बसली नाही, बहीण बसली नाही, शेजारपाजारचे नुसते हात फिरवून गेले. हर्षदीपला ते फार लागलं. उद्या सकाळी त्याला हैद्राबादला परत निघायचं होतं, डावी सीट रिकामी घेऊनच.

चाकांचे दोन सेट त्यानं मागवले होते. बसेल तो ठेवायचा, दुसरा परत. एक आठ इंच रुंद, ऑफसेट चाळीस, टायर दोनशे पंचवीस मिलिमीटरचा. दुसरा नऊ इंची, ऑफसेट पंचवीस, टायर दोनशे पंचेचाळीसचा. ऑफसेट जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं. नऊ इंची चाक फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, अगदी रेषेत येऊन बसलं, आणि गाडी अशी काही दिसायला लागली की हर्षदीप दोनदा रस्ता ओलांडून पलीकडून पाहून आला. असं दिसावं म्हणूनच तर सारा खटाटोप होता!

"पाह्यलं का बाबा?"

"पाह्यलं," सुधाकरराव म्हणाले. "बेडूक फुगल्यावानी दिसून राह्यली."

मोतीरामनं जॅक उतरवला. हर्षदीपनं आत बसून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं. कुठे काही लागलं नाही.

"रिकामी हाय म्हणून," मोतीराम म्हणाला. "डाव्या बाजूला माणूस पाह्यजे, वजनानं गाडी खाली दबते. मी बसलो असतो, पण मंग चाकाजवळ कान कोण लावन?"

दुकानात चौथं माणूस नव्हतं. हर्षदीप समोरच्या काचेतून पाहत राहिला. मोतीरामला वस्तीतली भानगड काय माहीत! त्यानं सरळ हाक मारली.

"सार, दोन मिनट बसता का?"

सुधाकरराव उठले. रुमाल झटकला, घडी केली, खिशात ठेवला.

"वजन म्हणून बसतो," ते म्हणाले. "गाडीत बसलो असं होत नाही."

"नाही होत बाबा," हर्षदीप म्हणाला.

गाडी फार खाली. आधी एक पाय, मग डोकं, मग दाराला धरून बाकीचे सुधाकरराव, असे ते हप्त्याहप्त्यानं आत गेले. हर्षदीपनं स्टेअरिंग वळवलं.

खर्रर्र.

"काय वाजलं?"

"टायर फेंडरले घासला, सार," खालून मोतीराम म्हणाला.

"माह्यानं?"

मोतीराम हात पुसत उभा राहिला. "भाऊ, तुमी तर एकटेच चालवता ना? मंग ठेवा हेच. एकट्याले काई नाही घासत."

हर्षदीपनं वडिलांकडे पाहिलं. ते गुडघे जवळ घेऊन, चुकून दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखे बसले होते. मग त्यानं नऊ इंची चाकाकडे पाहिलं. काय दिसत होतं ते!

"काढ," तो म्हणाला. "आठवालं लाव."

"पाह्यजा बरं. दिसाले हेच भारी हाय."

"असू दे. बाबा बसल्यावर घासते ते."

सुधाकरराव बाहेर आले. मोतीरामनं चाकं बदलली, नऊ इंची परत खोक्यात गेली. हर्षदीपनं खोक्याला स्वतः चिकटपट्टी लावली, कोपरे नीट दाबून. सुधाकरराव ते पाहत उभे होते. तेवढ्यात बोथची बस आली, थांबली, कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहून हाकही मारली. ते जागचे हलले नाहीत. बस निघून गेली.

जॅक उतरला. मोतीरामनं हाक मारायच्या आधीच सुधाकरराव दाराशी गेले.

"आता पुन्हा वजन लागन ना?" असं म्हणत ते आत बसले. या वेळी लवकर जमलं.

स्टेअरिंग डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं. मोतीराम चाकाजवळ कान लावून होता. काही वाजलं नाही.

"झालं सार, एक नंबर! उतरा आता."

सुधाकररावांनी डाव्या खांद्यामागून सीटबेल्ट ओढला. तो कुठे अडकवायचा ते त्यांना सापडेना, तेव्हा हर्षदीपनं अडकवून दिला.

"विहारासमोर थांबव," ते समोर पाहत म्हणाले. "साऱ्याइच्या समोर म्हणलो होतो, साऱ्याइच्या समोरच उतरतो."